य एका बाजूला घेताच येत नसेल, तर वक्राचा चढ कसा काढायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: क्ष³ + य³ = ६क्षय या वक्राला (३, ३) या बिंदूपाशी काढलेल्या स्पर्शिकेचा चढ हवा आहे, पण ‘य = काहीतरी’ अशा रूपात समीकरण आणता येत नाही. क्लासमध्ये सांगितलं की य³ चं डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा दर) ३य² घ्या आणि पुढे डीवाय बाय डीएक्स (क्ष च्या सापेक्ष य च्या बदलाचा दर, म्हणजेच चढ) लावा. ते का लावायचं, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

खरं तर सगळं इम्प्लिसिट डिफरन्सिएशन (य वेगळा न काढताच त्याचं डेरिव्हेटिव्ह काढण्याची ही पद्धत) त्या ‘का’मध्येच आहे, त्यामुळे आधी तेच बघू. एक्स-वायला मी क्ष-य म्हणतो आणि डीवाय बाय डीएक्स दर वेळी लिहिण्याऐवजी य′ लिहितो.

सुरुवात वर्तुळापासून करू, कारण तिथे उत्तर दुसऱ्या वाटेनेही ताडून पाहता येतं. क्ष² + य² = २५ घ्या. वर्तुळावरून चालताना क्ष बदलला की य ला बदलावंच लागतं, नाहीतर बेरीज २५ राहणार नाही. म्हणजे य हा सुटा चल नाही, तो क्ष च्या मागे बांधलेला आहे. क्ष² चा क्ष च्या सापेक्ष बदलाचा दर २क्ष. य² चा दर मात्र दोन टप्प्यांत येतो: य बदलला की य² बदलतो २य या दराने, आणि य स्वतः क्ष मुळे बदलतो य′ या दराने. दोन्हींचा गुणाकार २य·य′. हा साधा चेन रूल आहे, वेगळा नियम नाही. उजवीकडचे २५ बदलत नाहीत, म्हणून तिथे शून्य. (परीक्षेत इथे २५ तसेच ठेवणारे बरेच असतात, सांभाळा.)

२क्ष + २य·य′ = ०, म्हणून य′ = −क्ष/य.

(३, ४) पाशी चढ −३/४. दहावीच्या भूमितीने ताडून पाहा: केंद्रातून (३, ४) पर्यंतच्या त्रिज्येचा चढ ४/३, स्पर्शिका तिला लंब, आणि दोन्ही चढांचा गुणाकार −१. जुळलं.

आता तुमचा वक्र. देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने १६३८ मध्ये हाच वक्र फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाला आव्हान म्हणून दिला होता, याची स्पर्शिका काढून दाखव म्हणून. देकार्तच्या स्वतःच्या पद्धतीने इथे आकडेमोड भयंकर वाढते. फर्माला मात्र आपल्या पद्धतीने ती सहज काढता आली. आज बारावीचा विद्यार्थी ती चार ओळींत काढतो, आणि मला ही गोष्ट दर वेळी नव्याने थक्क करते.

दोन्ही बाजूंचं डेरिव्हेटिव्ह घ्या. उजवीकडे ६क्षय हा गुणाकार आहे, तेव्हा प्रॉडक्ट रूल लागतोच (आधी क्ष चा दर घेऊन य तसाच ठेवा, मग य चा दर घेऊन क्ष तसाच ठेवा, आणि दोन्ही मिळवा):

३क्ष² + ३य²·य′ = ६य + ६क्ष·य′

य′ ची पदं एका बाजूला घ्या:

य′ = (२य − क्ष²) / (य² − २क्ष)

(३, ३) ठेवलं की (६ − ९)/(९ − ६) = −१.

बरोबर आहे का, ते आकड्यांनीच बघा. चढ −१ असेल, तर क्ष ०.०१ ने वाढल्यावर य साधारण ०.०१ ने कमी व्हायला हवा. (३.०१, २.९९) ठेवा: डावी बाजू ५४.००१८, उजवी ५३.९९९४. फरक ०.००२४, म्हणजे वक्राला जवळजवळ चिकटूनच आहोत. उलट (३.०१, ३.०१) ठेवलं तर फरक ०.१८ च्या वर जातो. वहीत एकदा हे स्वतः करून बघाच. त्याने जो विश्वास बसतो तो सूत्र पाठ करून बसत नाही.

‘उत्तरात य कसा काय राहिला?’ ही शंकाही हमखास येते. तो राहायलाच हवा. या वक्रावर क्ष = ३ असताना य च्या तीन किमती निघतात: ३, सुमारे १.८५ आणि सुमारे −४.८५. तिन्ही ठिकाणी चढ वेगळा: −१, सुमारे २.०७ आणि सुमारे −१.०७. नुसतं ‘क्ष = ३’ म्हटल्यावर कुठल्या बिंदूचा चढ ते कसं कळणार? म्हणून य ही सांगावा लागतो.

य एका बाजूला न घेताही हे चालतं, कारण आपल्याला फक्त त्या बिंदूच्या आसपासचा छोटा तुकडा हवा असतो. तिथे य क्ष वर अवलंबून आहे एवढं पुरतं. ते सूत्रात लिहिता आलं पाहिजे अशी अट नाही. अट आहे ती छेदाची: य² − २क्ष शून्य नको. (०, ०) पाशी अंश आणि छेद दोन्ही शून्य होतात. ही गणितातली गडबड नव्हे, वक्र तिथे खरोखरच स्वतःला छेदून जातो. आरंभबिंदूजवळ घनाची पदं अगदी क्षुल्लक होतात, उरतं ६क्षय = ०, आणि म्हणून तिथे दोन स्पर्शिका मिळतात: दोन्ही अक्षच.

सरावासाठी (४/३, ८/३) घ्या. आधी तो वक्रावर आहे का ते तपासा, मग चढ काढा. ४/५ यायला हवा. समीकरणात क्ष आणि य ची अदलाबदल केली तरी ते बदलत नाही. त्यावरून (८/३, ४/३) पाशी चढ किती असेल, ते सूत्रात काहीही न ठेवता सांगता येतं का बघा.