मुलींचा बास्केटबॉल: वाचकांची पत्रं, मॅडमची उत्तरं

(साताऱ्यातल्या एका महिला महाविद्यालयात बास्केटबॉल शिकवणाऱ्या मॅडम या अंकात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : मी कोरेगावची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजच्या टीममधून खेळते. अमेरिकेतल्या बास्केटबॉल कोच पॅट समिट यांच्याबद्दल वाचलं तेव्हापासून कॉलेजच्या मुलींची कोच व्हायचं डोक्यात बसलंय. बाबा म्हणतात, बी.एड. कर, कोच होऊन पोट भरत नाही. काय करू?

कोच हो. फक्त समिट गेल्या ती वाट आपल्याकडे नाही, एवढं आधी समजून घे. १९७४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या मुख्य कोच झाल्या. सुरुवातीला संघाची व्हॅन त्याच चालवायच्या, मुलींचे कपडेही त्याच धुवायच्या. पण त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७२ मध्ये, तिथं कायदा झाला होता की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कुणाला डावलता येणार नाही. त्यातून पुढं मुलींच्या खेळाला शिष्यवृत्त्या आल्या, पूर्णवेळ कोच आले. समिट २०१२ पर्यंत त्याच विद्यापीठात राहिल्या. १०९८ सामने जिंकल्या, ८ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यांच्या संघात शेवटपर्यंत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली, ही गोष्ट मला त्या ८ विजेतेपदांपेक्षा मोठी वाटते. नव्या मुलींच्या पालकांना मी ती आवर्जून सांगते.

आपल्याकडे अनुदानित कॉलेजात फक्त बास्केटबॉलचा कोच असं पद सहसा नसतं. असतं ते शारीरिक शिक्षण संचालकाचं, म्हणजे मुलं ज्यांना जिमखान्याचे सर किंवा मॅडम म्हणतात ते. त्यासाठी बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, मग किमान ५५ टक्क्यांनी एम.पी.एड., आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. खेळल्याची प्रमाणपत्रं लागतात आणि पळूनही दाखवावं लागतं : तिशीपर्यंतच्या महिला उमेदवाराला ८ मिनिटांत १००० मीटर. त्यामुळे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तुझी सगळी प्रमाणपत्रं आजच एका फाईलला लाव. भरतीच्या वेळी ती शोधत रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

त्या खुर्चीवर बसलीस की कबड्डीच्या प्रवेशिका तुझ्या, खो-खोची निवड चाचणी तुझी, योग दिनाचा अहवालही तुझाच. बास्केटबॉलसाठी वेळ कुणी काढून देत नाही, तो तू पहाटे काढायचा.

दुसरी वाट पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची. तिथला कोचिंगचा डिप्लोमा एक वर्षाचा आहे, सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. खऱ्या अर्थानं कोच तिथं घडतो : सरावाचं वेळापत्रक कसं आखायचं, दमलेल्या खेळाडूला कधी थांबवायचं, झोन डिफेन्स, म्हणजे जागा वाटून घेऊन केलेला बचाव, कसा फोडायचा. जमलं तर बी.पी.एड. आणि हा डिप्लोमा, दोन्ही कर.

आता बाबांचं. त्यांची काळजी खरी आहे. पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात आणि तासिका तत्त्वावर राबणारी गुणी माणसं मी रोज बघते. पण बी.पी.एड. हीसुद्धा शिक्षकाचीच पदवी आहे, शाळेतल्या क्रीडा शिक्षकाची नोकरी तिच्यावर मिळते, हे त्यांना शांतपणे सांग. शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. नियमात कुठल्या पातळीवरची कामगिरी धरतात ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचार, आणि जाताना बाबांना बरोबर घेऊन जा.

प्रश्न : आम्ही मेढ्याकडचे. मुलगी साताऱ्यात एफ.वाय.ला आहे. संध्याकाळच्या सरावामुळं घरी यायला अंधार पडतो. भावकीत बोलतात, हाफ पँटवरनंही बोलतात. खेळ बंद करावा का? — एक आई

ताई, बंद करू नका. आधी तिच्या मॅडमना भेटा आणि शेवटची सोयीची एसटी किती वाजता सुटते ते सांगा. सरावाची वेळ बदलता येते, आणि ती बदलणं हे कोचचं काम आहे. एसटी गाठायची असलेली मुलगी असली की तिचे शूटिंगचे फेरे मी आधी घेते आणि तिला लवकर सोडते. बाकीच्या मुली कुरकुरत नाहीत. तिकिटाचं म्हणाल, तर २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धंच तिकीट आहे, आणि विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास त्याहून स्वस्त पडतो.

कपड्यांचं सोपं आहे. शॉर्ट्सखाली गुडघ्यापर्यंतच्या किंवा पूर्ण टाइट्स घालून मुली बिनधास्त खेळतात, नियमात बसतं. संघातल्या सगळ्यांचा रंग एक असला की झालं. आणि भावकीचं उत्तर तुम्हीच द्यायचं आहे. धावपटू ललिता बाबर माणमधल्या मोहीची. तिथं पाण्याची बोंब, पण पोरगी २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल पळाली. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. त्यांच्याही आयांना कुणीतरी काहीतरी बोललंच असेल.

एक काम मात्र करा. मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. सरावात मागं पडणाऱ्या मुलीला आपण आळशी म्हणतो, आणि रिपोर्ट येतो साडेआठ-नऊचा. आमच्याकडे संघात नाव घालायच्या आधी मी हा कागद मागते. सकाळी उपाशीपोटी पाठवू नका. मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा खिशात असू द्या, आणि खाण्याच्या आगेमागे तासभर चहा नको, चहानं अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही.

प्रश्न : मी कराडजवळच्या शाळेत क्रीडा शिक्षक आहे. यंदा दोन मुलींचे गुडघे गेले, एकीचं लिगामेंटचं ऑपरेशन झालं. आमचं काय चुकतंय? कोर्ट सिमेंटचं आहे.

सर, सिमेंटवर आपण सगळेच खेळतो. पण मुलींमध्ये हे लिगामेंट तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि बऱ्याचदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. मुलगी रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परत आलेल्या चेंडूसाठी, उडी मारते, खाली येताना गुडघे आत वळतात, पाय ताठ असतो, आणि तिथंच काम होतं.

उद्या एक करा. मुलींना वीतभर उंच पायरीवरून दोन्ही पायांनी खाली उडी मारायला लावा आणि समोर बसून फक्त गुडघे बघा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. एकमेकांकडे झुकला तर त्या मुलीला आणखी उंच उड्या देऊ नका. आवाजही ऐका : धप्प आवाज आला तर पाय ताठ आहेत, गुडघे वाकवून चवड्यावर उतरली तर आवाज जवळजवळ होत नाही. उतरून दोन सेकंद स्थिर राहायचं, मग एका पायावर. कंबरेचे आणि मांडीच्या मागचे स्नायू बळकट करायचे व्यायाम रोज वॉर्म-अपमध्येच घाला. स्पर्धेच्या आधी आठवडाभर करून उपयोग नाही.

पावसाळ्यात कोर्टवर शेवाळ धरतं. खराटा, ब्लीचिंग पावडर, आणि कोर्ट वाळेपर्यंत सराव व्हरांड्यात. तिथं ड्रिबल (चेंडू आपटत नेणं) आणि पासिंग भरपूर होतं. ऑपरेशन झालेल्या मुलीला डॉक्टर आणि फिजिओ दोघांनी हो म्हटल्याशिवाय उतरवू नका, विभागीय फायनल असली तरी. मुख्याध्यापक रागावले तर रागावू द्या.

प्रश्न : माझी उंची पाच फूट. घ्याल का संघात? — अकरावी, वाई

ये. रिंग सगळ्यांनाच ३.०५ मीटरवर असते, पण चेंडू पुढं आणणारी मुलगी लागतेच, आणि ती बुटकी असली तर उंच मुलींना तिच्या हातातला चेंडू काढता येत नाही. दोन्ही हातांनी मान वर ठेवून ड्रिबल करायला आजपासून लाग. चेंडू सहा नंबरचाच घे. शाळेत पडलेला सात नंबरचा मुलांचा असतो, त्यावर सवय लावू नकोस.