चामड्याचं काम नव्यानं शिकायचं तर कोणती हत्यारं आणि कसलं चामडं घ्यावं? मी बेळगावात राहतो.

तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून घरी पाकीट, पट्टा असं काहीतरी हातानं करायला शिकायचंय, पाच हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे आणि ऑनलाइन दिसलेलं साठ नगांचं एक कीट घ्यावं की नाही ते ठरत नाहीये.

नका घेऊ. पाच हजारांतले निम्मे चांगल्या चामड्यासाठी बाजूला ठेवा. उरलेल्या निम्म्यात जी हत्यारं लागतात ती दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील.

मी निपाणीची. आमच्या घरात तीन पिढ्यांनी चपला केल्या. काम वाटलेलं असायचं. तळ कापणं, ठोकणं पुरुषांकडं. चामड्याच्या वाद्यांची वेणी घालणं, शिवणं बायकांकडं. आजीनं मला सातव्या वर्षी वेणी शिकवली, पण रापीला, म्हणजे चामडं कापायच्या सुरीला, हात लावू दिला नाही. रापी माझ्या हातात आली ती सव्विसाव्या वर्षी, आजोबांचे डोळे अधू झाल्यावर. तेव्हा त्यांना विचारायचं सोडून मीही एक कीट मागवलं होतं. त्यातले चाळीस नग नक्षीचे ठसे होते. आरीचं टोक पहिल्याच आठवड्यात वाकलं, सुरीची धार टिकेना. त्यातल्या दोन सुया आणि एक डिव्हायडर आजही वापरते. बाकी सगळं डब्यात पडून आहे.

सगळ्यात आधी रापी. पसरट, रुंद पात्याची, पुढच्या कडेला धार असलेली ही सुरी आपल्याकडं प्रत्येक चांभाराच्या पुढ्यात असते. ती विकत घेण्यापेक्षा करून घ्या. वर्कशॉपमध्ये लोखंड कापायच्या मोठ्या मशीनला लागतं ते पॉवर हॅक्सॉचं पातं झिजलं की भंगारात जातं. तुम्ही तर बेळगावात आहात, उद्यमबागेत एवढे कारखाने आहेत, असं एखादं पातं सहज मिळेल. लोहाराकडून किंवा ग्राइंडरवाल्याकडून वीतभर तुकडा कापून एका बाजूनं तिरकी धार काढून घ्या. फक्त घासायला सांगा, भट्टीत घालू देऊ नका. मुठीच्या जागी सुती पट्टी किंवा चामड्याची वादी गुंडाळली की झालं.

पण लोहारानं दिलेली धार ही खरी धार नव्हे. ती घरी लावावी लागते आणि नव्या माणसाचं काम बिघडतं ते बहुतेक इथंच. हजार नंबरचा पाणी लावायचा दगड घ्या. तिरकी बाजू दगडावर पूर्ण टेकवून मागं-पुढं घासा. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं कडेवरून बोटाचं पेर हळूच बाहेरच्या दिशेनं ओढून बघा, बारीक कुसळासारखं काही लागेल. कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते कुसळ लागलं, की पातं उलटवून सपाट बाजू दोनदाच फिरवायची. मग फळीवर चिकटवलेल्या चामड्याच्या पट्टीवर थोडं मेटल पॉलिश लावून धार मागच्या दिशेनं ओढायची. पंधरा-वीस वेळा. आजोबा कापायला बसले की दर दहा मिनिटांनी असं करायचे, बोलता बोलता, न बघता. मला वाटायचं सवय आहे. माझ्या हातात रापी आल्यावर कळलं, की बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते घसरतं आणि मग चामड्याचा तरी तुकडा जातो नाहीतर अंगठ्याचा. "ढकलू नगंस, सरकू दे तिला," एवढंच ते म्हणायचे.

रापी जमेपर्यंत सरळ कापासाठी साधा मोठा कटर आणि फूटभराची स्टीलची पट्टी वापरा. त्यात काही कमीपणा नाही. पातं मात्र नवं लावा. खाली स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा पोळपाटाएवढा कटिंग बोर्ड पुरतो.

दुसरी गोष्ट आरी. बाजारात चांभारासाठी मिळते तिच्या टोकाला आकडी असते, ती दोरा ओढून घेते. ती आरी वाईट नाही, पण तुम्हाला पाकीट शिवायचंय, त्यासाठी सरळ, पत्त्यातल्या चौकटीसारख्या चपट्या टोकाची हवी. ती भोक पाडते आणि दोरा सुईनं जातो. तुम्ही शिकाल तो टाका दोन सुयांचा. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोन्ही सुया जातात. कुठं एका ठिकाणी दोरा तुटला तरी उरलेला दोरा शिवण धरून ठेवतो. मशीनची शिवण एकदा तुटली की उसवत जाते, तशी ही जात नाही. सुया बोथट टोकाच्या घ्या, नाहीतर दुसऱ्या बाजूनं येणाऱ्या दोऱ्यातच घुसतील. दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा, 0.8 मिलिमीटर. जेवढी शिवण, त्याच्या चौपट दोरा तोडा. पहिल्यांदा मी दुप्पट तोडला होता, पाच बोटं शिवण राहिली असताना संपला.

टाके सारख्या अंतरावर पडावेत म्हणून दातांचा काटा मिळतो, 4 मिलिमीटर अंतराचा. एक दोन दातांचा, एक सहा दातांचा. दोन दातांचा वळणावर लागतो. कीटवर खर्च करायचा होता त्यातला थोडा इथं करा, कारण हलक्या काट्याचे दात एका रेषेत नसतात आणि ते शिवणीत लगेच दिसतं. ठोकायला लाकडी मोगरी. लोखंडी हातोड्यानं काट्याचं डोकं चेपतं.

बाकीचं झटकन सांगते. कडेपासून 3 मिलिमीटरवर शिवणीची रेघ ओढायला डिव्हायडर. पट्ट्याच्या भोकांसाठी एकच नळीचा पंच. फिरत्या चकतीचा पंच पक्कडीसारखा दिसतो आणि सोयीचा वाटतो, पण स्वस्तातला जाड पट्ट्यातून आरपार जात नाही. फेविकॉल एसआर दोन्ही बाजूंना पातळ लावून, दहा-पंधरा मिनिटं सुकू देऊन मग दाबायचं आणि ते काम खिडकी उघडून करायचं, वास डोक्यात चढतो. कडा गुळगुळीत करायला 220, 400, 600 नंबरचा पॉलिशपेपर, मग ओलं बोट फिरवून जाड कॅनव्हासच्या कपड्यानं घासायचं. घासून घासून कड गरम लागायला लागली की ती चमकते. रंग, ठसे, नक्षीची सुरी हे सगळं वर्षभर विसरा.

आता चामडं. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

जनावराचं कातडं कमावायच्या मुख्य रीती दोन. एक क्रोमची, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांची. ती झटपट होते, चामडं मऊ, लवचीक निघतं, बाजारातल्या बहुतेक बॅगा, जाकिटं, बुटांचे वरचे भाग त्याचेच. दुसरी झाडपाल्याची, तिला दुकानात 'व्हेज टॅन' म्हणतात. आपल्या भागातली जुनी रीत हीच. कातडं चुन्यात ठेवून केस काढायचे, मग त्याचीच कडेनं पिशवी शिवायची, ती उंच टांगायची आणि आत बाभळीची साल नि हिरड्याचं पाणी भरायचं. ते पाणी कातड्यातून पाझरत राहतं, खाली भांड्यात जमतं, तेच परत वरून ओतायचं. लहानपणी मी अशा टांगलेल्या पिशव्या बघितल्यात. खालच्या कोपऱ्यातून चहाच्या रंगाचं पाणी थेंब थेंब गळायचं आणि तो तुरट वास आमच्या कपड्यांनाही यायचा. कोल्हापुरीचा तळ त्या चामड्याचा.

तुम्ही व्हेज टॅनच घ्या. ते ओलं करून हवं तसं वळवता येतं आणि वाळल्यावर आकार धरतं, कड घासली की चमकते, काट्याची खूण स्पष्ट उमटते. क्रोमच्या चामड्यात यातलं काही नीट होत नाही, मग नव्या माणसाला वाटतं आपलाच हात वाईट आहे.

दुकानात ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. व्हेज टॅन आतपर्यंत तपकिरी असतं, क्रोमचं मधे बहुतेक वेळा निळसर करडं दिसतं. रंग न दिलेल्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाका, व्हेज टॅन तो पिऊन घेतं आणि तिथं गडद होतं. आतून उलट्या बाजूला विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन. नुसत्या 'जेन्युइन लेदर' शिक्क्यावर जाऊ नका.

मग जाडी. पाकिटाला 1 ते 1.5 मिलिमीटर, पट्ट्याला 3.5 ते 4. आणि जनावराच्या अंगाचा भाग विचारा, हे फार महत्त्वाचं. पाठीचं चामडं घट्ट असतं, पोटाचं सैल. माझा पहिला पट्टा मी एका दुकानातून स्वस्तात मिळाला म्हणून पोटाच्या तुकड्यातून केला. भावाला दिला. दोन महिन्यांत तो एक भोक वाढला आणि कडेनं लाटांसारखा झाला. दोष चामड्याचा नव्हता, विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विकत घेताना तुकडा दोन हातांत धरून ताणून बघा, दोन्ही दिशांनी. पट्ट्यासाठी कण्याच्या दिशेनं कापलेली पट्टी मागा, कमरेपेक्षा वीतभर लांब.

गाईचं की म्हशीचं? आपल्याकडं म्हशीचं घ्या. ते जाडजूड, टिकाऊ असतं. कायद्याचंही माहीत असू द्या: महाराष्ट्रात 2015 पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे, कर्नाटकात 2020 च्या कायद्यानं गाय-बैलांना पूर्ण आणि म्हशींना 13 वर्षांपर्यंत बंदी आहे. म्हणून चामडं दुकानातून आणि बिलावरच घ्या. अस्तराला आणि वेणीला शेळीचं, पातळ आणि चिवट.

अख्खं कातडं घ्यायची काही गरज नाही. चौरस फुटावर मिळतं, दोन-तीन फूट बास झालं. हात बसवायला कात्रण घ्या. अथणी, निपाणी, मदभावी भागात चपला करणाऱ्यांकडं तळ कापून उरलेली कात्रणं असतात. पाठीच्या तळाच्या जाड तुकड्यावर आरी चालवून जी समज येते ती पातळ पाकिटाच्या चामड्यावर येत नाही. अथणीत बहुतेक ठिकाणी मराठी चालतं. एखाद्या म्हाताऱ्या कारागिराकडं कन्नडमध्ये विचारायची वेळ आली तर चामड्याला 'तोगलु' म्हणतात, एवढा एक शब्द पुरे. कोल्हापूरला जाणं होत असेल तर सुभाषनगर परिसरात चक्कर टाका. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे. इतके जाणते हात एवढ्या जवळ असताना साठ नगांचं कीट मागवलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक चूक मात्र तुमच्याकडून होऊ देऊ नका. ओलं व्हेज टॅन लोखंडावर ठेवू नका. मी एकदा पाकिटाचा ओला तुकडा आजोबांच्या ऐरणीवर ठेवून चहाला उठले. परत येऊन बघते तर ऐरणीच्या कडेचा निळसर काळा ठसा चामड्यावर हुबेहूब. हिरड्या-बाभळीतला तुरट अंश आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरड्याची शाई पूर्वी याच गुणावर करत. लिंबाच्या रसानं डाग फिका झाला, गेला नाही. तेव्हापासून ओलं काम मी लाकडावर किंवा दगडी फरशीवरच करते.

आणि पाऊस. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. चामडं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं तर आठवड्यात बुरशी धरतं. सुती कपड्यात, भिंतीपासून दूर ठेवा, अधूनमधून उघडून वारं दाखवा. कडक उन्हात टाकू नका, आकसून तडकतं.

म्हणूनच चपला करणाऱ्यांकडं जायचं तर दसऱ्यानंतर जा. पावसात चामडं वाळत नाही, कामं मंदावलेली असतात. दसऱ्यानंतर पुन्हा हात चालू लागतात. नुसतं बघायला बसू द्या म्हणा, आणि त्यांचा अर्धा दिवस घेतलात तर अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. हे मी आग्रहानं सांगते. पिढ्यान्पिढ्या या कामाला लोकांनी हलकं मानलं, करणाऱ्यांना गावाबाहेर ठेवलं, आणि आता तेच काम छंद म्हणून शिकताना कारागिराशी दहा रुपयांवरून घासाघीस करणं मला बघवत नाही. जाताना स्वतः धार लावलेली रापी सोबत न्या. चहा होण्याआधी ते ती मागून घेतील, अंगठ्याच्या नखावर टेकवून बघतील, आणि तुम्हाला पुढचं काय दाखवायचं ते त्यावरून ठरवतील.