भूलतज्ज्ञाचं पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

विरोधी बाकांवरच्या आमदारांच्या कार्यालयात तू रुजू झालीस आणि पहिलंच काम सार्वजनिक आरोग्यावरच्या भाषणाचं आलं, हे वाचून आनंद झाला. मसुदा वाचला. त्यातला संताप खरा आहे, तो कमी करू नकोस. पण सरकारी रुग्णालयांना तू ‘मृत्यूचे सापळे’ म्हटलं आहेस, ते मात्र काढून टाक.

सरकारची अब्रू वाचावी म्हणून हे सांगत नाही. सभागृहातलं भाषण संध्याकाळी मोबाइलवर फिरतं. दुसऱ्या दिवशी मेळघाटातली एखादी आशाताई कुणा गर्भवतीला ‘बाळंतपणाला दवाखान्यात चल’ म्हणून विनवत असते. त्या घरात ‘तिथं माणसं मरतात’ एवढंच पोहोचलेलं असेल, तर ती ताई काय बोलणार? ऐपत असलेले खासगीत जातात, नसलेले कर्ज काढतात, नाहीतर घरीच थांबतात. आपल्याला ही सेवा बदनाम करायची नाही, तिच्यासाठी भांडायचं आहे. रोख दवाखान्यावर नको, दवाखाना ज्या निर्णयांमुळे खिळखिळा झाला त्या निर्णयांवर हवा.

त्यासाठी आधी कुणाला विचारायचं ते पक्कं कर. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बालकं गेली. ते रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले, ते ठाणे महापालिकेचं. त्याच वर्षी ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरच्या दरम्यान नांदेडला २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात होते. ते रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीतलं. लोकांच्या लेखी तिन्ही ‘सरकारी’च, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण सभागृहात चुकीच्या खात्याला प्रश्न गेला, की ‘ही बाब आमच्या विभागाशी संबंधित नाही’ एवढ्यावर मंत्री मोकळे होतात. शिवाय भंडाऱ्याच्या वेळी विरोधात असलेले नांदेडच्या वेळी सत्तेत होते आणि सत्तेतल्यांपैकी अनेक जण विरोधात. जुनी भाषणं काढून वाच. पक्षांची नावं झाकली तर भाषण कुणाचं ते ओळखता येत नाही. तुझ्या आमदारांचं भाषण तसं होऊ देऊ नकोस.

नांदेडबद्दल आणखी एक. मृत्यू जिथं नोंदला जातो, कारण तिथंच असतं असं नाही. कमी वजनाचं बाळ दूरच्या तालुक्यात जन्मतं, तिथं बालरोगतज्ज्ञ नसतो, उपजिल्हा रुग्णालयातून पुढं पाठवतात, आणि शेवटच्या रुग्णालयाच्या खात्यावर तो मृत्यू लागतो. त्या दिवसांत एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. कॅमेऱ्यापुढं ते जोरदार दिसलं असेल, पण त्यानं एकही रिक्त पद भरलं नाही. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शासनाकडं मागितलं ते मंजूर पदं किती, भरलेली किती आणि औषधखरेदीचं काय, याचं उत्तर. हे खरं तर सभागृहाचं काम. वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला आपली टीका आपल्या बाजूची वाटली पाहिजे. तिच्या वॉर्डात किती खाटांमागं ती एकटी असते, हे आमदारांच्या तोंडून तिला ऐकू येऊ दे.

आता तुझ्या तारांकित प्रश्नाकडं, म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नाकडं येतो, कारण खरी मेहनत तिथं आहे. तू लिहिलंयस: ‘ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांची कमतरता असल्याने रुग्णांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय?’ याचं उत्तर मी आत्ताच सांगतो: ‘हे खरे नाही.’ त्याखालच्या तुझ्या तिन्ही भागांना, चौकशी केली काय, कार्यवाही काय, विलंबाची कारणं काय, एकच ओळ येईल: ‘प्रश्न उद्भवत नाही.’ कागदोपत्री ते चूकही नसेल. पदावर माणूस दाखवलेला असतो, पण तो प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या जिल्ह्यात असतो. किंवा बंधपत्रित (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवेचं बंधन असलेला) डॉक्टर रुजू होऊन पुढच्या शिक्षणासाठी निघून गेलेला असतो. शिवाय कंत्राटी आणि नियमित यांची बेरीज एकत्र केलेली असते.

एकच रुग्णालय घे. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, शस्त्रक्रियागृह बांधलेलं, स्त्रीरोगतज्ज्ञ हजर, पण भूलतज्ज्ञ नाही. भूल द्यायला कुणी नाही म्हणजे सिझेरियन नाही. रात्री दोन वाजता अडलेल्या बाईला १०८ मध्ये घालून जिल्ह्याला पाठवायचं, एवढंच त्या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या हातात उरतं. म्हणून असं विचार: भूलतज्ज्ञाचं पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे? त्या काळात तिथं सिझेरियन किती झाली? बाळंतपणासाठी आलेल्या किती जणींना पुढं पाठवलं? भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावण्याची सोय असेल, तर त्याला मानधन शेवटचं कधी मिळालं? या प्रश्नांना ‘हे खरे नाही’ असं उत्तर देताच येत नाही. तारीख द्यावी लागते, आकडा द्यावा लागतो. ‘अंशतः खरे आहे’ आलं, तर खोटा भाग कोणता, हा उपप्रश्न आमदारांच्या हातात लिहून ठेव.

औषधांचंही तसंच. ‘औषधांचा तुटवडा’ म्हणू नकोस. कोणतं औषध, मागणी कधी नोंदवली, पुरवठा कधी झाला, मधल्या काळात बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी किती रुग्णांना दिली, हे विचार. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय चांगला आहे, तसं भाषणात म्हणायलाही हरकत नाही. पण केसपेपरचे पैसे वाचले आणि इंजेक्शन बाहेरून आणावं लागलं, तर त्या घराला काय मोफत मिळालं? आधी औषधखरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडं होती, मग २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. खरेदी करणारं कार्यालय बदलल्यावर पुरवठादारांशी होणारे दरकरार किती दिवस अडकून राहिले, यावर एक स्वतंत्र लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) होऊ शकते.

पैशांबद्दल थोडक्यात. नुसती तरतूद सांगू नकोस, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांड. राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं आहे. महाराष्ट्र तिथवर पोहोचला नाही. त्या काळात सरकारं कुणाकुणाची होती, हेही आमदारांनी स्वतःच सांगावं. समोरून कुणी बोट दाखवण्याआधी आपणच म्हटलं, की पुढचं सगळं वजनानं ऐकलं जातं.

वेळ कमी मिळणार, हे गृहीत धर. २०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेत एकाही विरोधी पक्षाला एक दशांश जागा नाहीत. पायऱ्यांवरचं आंदोलन जरूर करा, फलक घेऊन उभं राहण्यात कमीपणा नाही. पण फलक दुपारी गोळा होतात आणि मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द कार्यवृत्तात राहतो. ‘तीन महिन्यांत पदं भरू’ असं कुणी म्हटलं, तर पान क्रमांकासह उतरवून घे आणि मुदत संपली की मंत्र्यांची आश्वासनं पाळली जातात का हे पाहणाऱ्या विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडं पाठपुरावा कर. हे काम कुणाच्या नजरेत येत नाही, म्हणून कुणी करत नाही. राज्याच्या आरोग्यव्यवस्थेवरचा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात मांडला गेला. रिक्त पदांवर त्यात सविस्तर लिहिलं आहे. असे अहवाल बहुधा अखेरच्या दिवशी येतात, बातमी एक दिवस चालते आणि विषय मिटतो. तू तो आधी पूर्ण वाच आणि आपल्या मतदारसंघाच्या जिल्ह्याचा उल्लेख असलेल्या पानांवर खुणा कर.

रविवारी जमलं तर त्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन ये. आमदारांना नेऊ नकोस, गाड्यांचा ताफा आला की चादरी बदलतात. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसून बायकांशी बोल. वैद्यकीय अधीक्षकांना आपणहून भेट आणि तुमचं नाव कुठं येणार नाही, हे सांगून तो शब्द पाळ. पुढं पाठवलेल्या रुग्णांची नोंदवही असते. ती पाहायला मिळाली नाही, तर माहिती अधिकारात अर्ज टाक. प्रश्नाची मुदत संपण्याआधी नवा मसुदा मला पाठव, मी त्याच दिवशी वाचून कळवतो.

तुझा,
काका