तिसरीतील मुले सांगितल्याशिवाय वाचत-लिहीत नाहीत. ही सवय कशी लावावी?

आपण नाशिकमधील शाळेत तिसरीला शिकवता आणि समोर उभे असेपर्यंतच मुले वाचतात, असे आपण लिहिले आहे. मीही याच जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, प्राथमिक शिक्षक आहे आणि ही अडचण मी स्वतःच वाढवून ठेवली होती. प्रत्येक पुस्तकानंतर मी पाच ओळींचा सारांश लिहून घेत असे. त्यामुळे मुले पेटीतून सर्वांत पातळ पुस्तक शोधू लागली. सारांश बंद केल्यावरच त्यांचा हात जाड पुस्तकांकडे वळला.

आता परिपाठानंतर रोज २० मिनिटे प्रत्येक जण आपल्या आवडीचे पुस्तक वाचतो. सुरुवात मात्र ७ मिनिटांनीच केली होती. पुस्तके कपाटात न ठेवता, मुखपृष्ठ दिसेल अशी, मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर सुतळीला अडकवली आहेत. त्यांत बालभारतीच्या, १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही आहेत. एका पानावर न कळणारा शब्द आला की एक बोट मिटायचे. पाचही मिटली तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवायचे, हे मुले स्वतःच ठरवतात. त्या वेळात मीही वाचतो, हजेरी किंवा माहितीचे तक्ते भरत नाही. हे पाळणे मला सर्वांत जड गेले, पण मुलांचे लक्ष आपल्याकडे असतेच.

लेखनाला खरा वाचक हवा. प्रत्येकाच्या रोजच्या वहीत मी लाल खुणा न करता एक प्रश्न लिहितो. द्राक्षबाग असलेल्या घरातील एका मुलीने लिहिले होते, “आमच्या बागत छाटनी झाली. पपांनी पेस लावली.” मी खाली लिहिले, “छाटणीनंतर पेस्ट कशासाठी लावतात?” दुसऱ्या दिवशी, वेलीचे सगळे डोळे, म्हणजे कोंब, एकदम फुटावेत म्हणून, असे सांगणारे अर्धे पान आले, आणि त्यात ‘छाटणी’ व ‘पेस्ट’ हे दोन्ही शब्द तिने न सांगता शुद्ध लिहिले होते.

शक्य झाल्यास १८४० साली स्थापन झालेले आपल्या शहरातील सार्वजनिक वाचनालय मुलांना एकदा दाखवून आणा. पुस्तके घरीही न्यायला द्या. एखादे फाटून परत आले तर रागावू नका. वर्गात चिकटपट्टी ठेवा आणि त्याच मुलाच्या हातून ते नीट करून घ्या.