‘काकू, बेबिंकात अंडी नसतात’

“मॅडम, पहिल्याच भेटीत सगळं बिघडलं. आता पुन्हा त्या घरी तोंड कसं दाखवू?”

प्रश्न समुपदेशनाला आलेल्या, गोव्यातल्या सासष्टीतल्या एका ख्रिस्ती मुलाचा. शेजारी बसलेली मुलगी फोंड्याकडची, मराठी घरातली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) घरच्यांचा विरोध असताना पहिल्यांदा भेटायला जाणाऱ्या बहुतेक जोड्यांची काळजी अशीच असते, म्हणून हे जरा सविस्तर.

दोघांना सुट्टी जुळली ती सोमवारची. मुलाच्या आईने प्रेमाने घरची बेबिंका, म्हणजे गोव्यातलं थरांचं गोड पक्वान्न, बांधून दिली. मुलीच्या आईचा सोमवार. डबा हातात घेऊन त्यांनी विचारलं, “यात अंडं असतं ना रे?” मुलगा गडबडला आणि म्हणाला, “नाही काकू, बेबिंकात अंडी नसतात.” अहो, नारळाचं दूध, साखर, मैदा, तूप आणि अंड्यांचा भरपूर बलक, यातूनच तिचे थर होतात. गोव्यात कोणाला हे ठाऊक नाही? काकूंनी डबा न उघडता फ्रिजवर ठेवला.

पुढचा प्रसंग मुलीनेच ओढवून घेतलेला. “तो मराठी छान वाचतो,” असं तिने बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं. बाबांनी सहज वर्तमानपत्र पुढे केलं. मुलगा रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत वाढलेला. मराठी त्याला समजते, पण देवनागरी तो अक्षर लावत वाचतो. मथळ्याखाली त्याचं बोट सरकताना बाबांनी पाहिलं, पेपर परत घेतला, घडी घातली. “जेवून जा” असं कोणीच म्हणालं नाही.

मुलगी म्हणाली, “अगदी ‘मीट द पेरेंट्स’सारखं झालं.” २००० सालच्या त्या विनोदी चित्रपटात मुलीच्या वडिलांचं लाडकं मांजर हरवतं, तेव्हा होणारा जावई दुसऱ्याच मांजराची शेपटी रंगवून आणतो. तो धागा आम्ही तिथेच पकडला. मांजर हरवणं माफ होऊ शकतं, रंगवलेली शेपटी होत नाही. ज्यांना आधीच संशय आहे, त्यांच्या हाती आपण पुरावा देतो. सोमवारी अंड्याचा पदार्थ नेणं ही चूक होती. ‘नसतात’ म्हटल्यावर ते खोटं झालं.

मग आम्ही दुसरी भेट आखली. आधी मुलीने एकटीने जायचं. आपल्या आईवडिलांशी बोलणं हे आपलं काम, ते जोडीदारावर ढकलायचं नाही. “वाचनाबद्दल मी वाढवून सांगितलं,” हे कबूल करायचं आणि “तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते?” एवढंच विचारायचं. उत्तर येईल ते मधे न तोडता लिहून घ्यायचं. भेट चहाच्या वेळेची, साडेचार ते साडेपाच, आणि निघायची वेळ आधीच सांगितलेली. जेवणाचं आमंत्रण पहिल्या एक-दोन भेटींत टाळलेलं बरं, कारण ताट वाढलं की उठता येत नाही आणि वाद तिथेच पेटतो. घरात फक्त आईवडील असावेत. काका-मामांसमोर बाप मवाळ होत नाही, त्याला मान सांभाळावा लागतो. चवथीत, म्हणजे गणपतीत, तर मुळीच जायचं नाही, सगळं वांगड, म्हणजे अख्खं कुळ, जमलेलं असतं. आणि त्या दिवशी होकार मागायचा नाही. पुढच्या भेटीचं दार उघडं राहिलं तरी पुष्कळ.

बाबांची भीती कागदावर आली: “पोरीला धर्म बदलायला लावतील. नातवंडं कोणाची?”

इथे आमच्यासमोर दोघं पहिल्यांदा गप्प झाली. चर्चमध्ये लग्न करायला मुलीने ख्रिस्ती व्हावं लागत नाही, बिशपांची खास परवानगी काढावी लागते. मात्र त्यासाठी ख्रिस्ती जोडीदाराला वचन द्यावं लागतं, की मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन आपल्या धर्मात व्हावं म्हणून मी होईल तेवढं करीन. दुसऱ्या जोडीदाराला याची पूर्ण कल्पना द्यावी लागते. मुलाला हे माहीत होतं, मुलीला नव्हतं. अंड्यांपेक्षा ही लपवाछपवी फार मोठी होती, आणि ती बाबांच्या नव्हे, तिच्या बाबतीत झाली होती. आमची पुढची तीन सत्रं याच विषयावर गेली. शेवटी दोघांनी ठरवलं, तूर्त फक्त नागरी नोंदणी. गोव्यात ती दोन टप्प्यांत होते: आधी इच्छा नोंदवून पहिली सही, मग मुदत गेल्यावर दुसरी. वेगळा करार हवा असेल तर तो लग्नाआधीच करायचा, नाहीतर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते.

दुसऱ्या भेटीला मुलगा बुधवारी गेला, घरची केळी घेऊन. बसल्याबसल्या म्हणाला, “काकू, त्या दिवशी मी खोटं बोललो. बेबिंकात अंडी होती. घाबरलो होतो.” काकू म्हणाल्या, “कळलं होतं रे.” बाबांना त्याने चर्चच्या वचनाबद्दलही सांगितलं. बाबा चिडले, उठून सोप्यावर जाऊन बसले. साडेपाचला तो निघाला, तेव्हा त्यांनी विचारलं, “तुमच्या परसात तोरिंजनाचं झाड आहे म्हणे?”

होकार अजून आलेला नाही. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगतात त्या चौकटीला, दोन तोरिंजनं मात्र मागितली आहेत, चवथीच्या आधी आणून द्यायला.