तापलेल्या बीजाणूंचे श्वसन मोजताना

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू टेबलावर ठेवून जेवायला जाऊ नका. तुम्ही देण्याआधीच त्यांना उष्णतेचा ताण बसलेला असेल. ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड प्रत्येक तापमानाला नव्याने कॅलिब्रेट करा, कारण २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम विरघळणारा ऑक्सिजन ४५ अंशांना ६ मिलिग्रॅमच्या आसपास उतरतो. ऑक्सिजनचा वापर वाढला म्हणजे एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरतात तो रेणू) वाढले, असे तर मुळीच धरू नका: मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या) आतल्या पटलातून प्रोटॉन गळू लागले, की ऑक्सिजन नुसताच खर्ची पडतो. श्वसनाची नेहमीची वाट अडवणारे अँटिमायसिन घालूनही वापर उरला, तर ती वाट टाळून ऑक्सिजन वापरणाऱ्या पर्यायी ऑक्सिडेझ या विकराची शंका घ्यावी. सुप्त आणि अंकुरणारे बीजाणू एकत्र मोजू नका. अंकुरताना साठवलेली ट्रेहॅलोज ही शर्करा संपते आणि उष्णता सोसण्याची ताकद ओसरते.