धोरणासाठी अभ्यास पुरवण्याचं करिअर

प्रश्न : माझी मुलगी कणकवलीत टीवायबीएस्सीला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. बीएड नको म्हणते. सरकार निर्णय घेतं तेव्हा त्याला अभ्यास पुरवायचं काम करायचंय म्हणते. अशी नोकरी असते का? (एक वडील)

सप्रेम नमस्कार.

असते. तुमच्या दारातलंच उदाहरण घ्या. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० साली परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञगट नेमला. त्यांनी घाटाचे साधारण नऊ किलोमीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडले. उंची, उतार, जंगल, फक्त तिथेच सापडणाऱ्या प्रजाती, असं बघत, पर्यावरणाच्या दृष्टीने कुठला चौकोन किती संवेदनशील आहे याचे गुण दिले. सिंधुदुर्गातल्या ग्रामसभांचे ठरावही विचारात घेतले. पुढे २०१२ साली नेमलेल्या शास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांच्या गटाने उपग्रहचित्रांवर भर देऊन घाटाचा सुमारे ३७ टक्के भागच संवेदनशील ठरवला. घाट तोच, पण काय मोजायचं हे बदललं आणि शिफारस बदलली. म्हणून या कामात मोजणी कशी केली हे गावकऱ्याला आणि सचिवाला, दोघांनाही पटेल असं सांगता येणं मला पदवीइतकंच मोलाचं वाटतं.

अहवालावर नावं ज्येष्ठांची असतात. पण अशा अभ्यासांत प्रजातींच्या याद्या तपासणं, नकाशे करणं, सुनावणीची टिपणं काढणं ही कामं बरीचशी तरुण संशोधक करतात. तिथूनच सुरुवात होते. एमएस्सी करू द्या, जोडीला संख्याशास्त्र आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र) पक्कं करायला सांगा. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) किंवा बंगळुरूची एट्री अशा निसर्ग-पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या संस्थांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवा. संसदेचं काम जवळून बघायचं असेल तर पीआरएस या कायदेविषयक संशोधन करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे. त्यात एका खासदारासोबत काम करता येतं, पदवी कुठलीही चालते, मात्र वयाची अट असते. तेव्हा एमएस्सीनंतर फार रेंगाळू नका.

पगाराचं स्पष्ट सांगतो. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. पहिली काही वर्षं घरचा आधार लागेल, हे आत्ताच तिच्याशी बोलून घ्या.

या सुट्टीत तिला गाडगीळ अहवालातला सिंधुदुर्गाचा भाग वाचायला द्या. मग तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या चौकोनाला तेवढेच गुण का मिळाले, हे तिने तुम्हाला मराठीत दोन पानांत लिहून दाखवावं. तुम्हाला जिथे कळणार नाही तिथे खूण करा आणि तेवढा भाग तिच्याकडून पुन्हा लिहून घ्या.